कागद ओढणारे चाक कोणाचे?

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळाच्या प्रिंटरने संप पुकारला. आरत्यांची पाने छापून हवी होती. दरवर्षी नवीन मुले येतात, त्यांना शब्द पाठ नसतात, म्हणून ही पाने वाटण्याचा रिवाज आहे. यंत्र कधी दोन-तीन पाने एकदम ओढी, कधी एकही न ओढता नुसतेच घरघरे. शेवटी अर्धी पाने एकेक करून हाताने भरवली, उरलेली एका सभासदाच्या मुलाने आपल्या घरच्या यंत्रावर छापून आणली. बाप्पांच्या कृपेने सण पार पडला.

नंतर यंत्र दुरुस्तीस नेले. कारागिराने दोन मिनिटांत दोष दाखवला. कागद ओढणाऱ्या रोलरचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. अंगठ्याएवढा तो तुकडा. आपल्या बेटावरील खारी, दमट हवा रबराला मानवत नाही आणि कागदालाही नाही. ओलसर कागद एकमेकांना चिकटून बसतात. असो. रबर बदलून द्या म्हटले, तर विक्रेत्याकडून उत्तर आले की नुसते रबर मिळणार नाही, रोलरची सबंध जोडणी घ्यावी लागेल, कारण "तिच्यावर पेटंट आहे". जोडणीची किंमत ऐकून आमच्या खजिनदारांनी नवे यंत्रच घेण्याची भाषा सुरू केली.

आम्ही यंत्रशास्त्री नाही, वकीलही नाही. परंतु "पेटंट आहे" एवढे दोन शब्द ऐकले की आपण माणसे हात जोडून पैसे मोजतो, हे काही आम्हांस पटेना. कागद ओढणारे चाक ही काय पेटंट घेण्यासारखी वस्तू आहे? असेल तर तिच्यातले नेमके काय कोणाच्या मालकीचे? हा प्रश्न आमच्या मंडळापुरता नाही. शाळा, देवळे, लहान दुकाने, घरी अभ्यास करणारी मुले, सर्वांच्या टेबलावर आज हे यंत्र आहे.

प्रथम चाकाविषयी. शंभर पानांच्या गठ्ठ्यातून वरचे एकच पान उचलणे हे बोटाला थुंकी लावणाऱ्या माणसास सोपे वाटते. यंत्रास ते फार अवघड आहे. रबराचा रोलर वरच्या पानावर टेकतो व फिरतो. रबर आणि कागद यांतील घर्षण हे कागद आणि कागद यांतील घर्षणापेक्षा जास्त असते, म्हणून वरचे पान पुढे सरकते. पण खालचे पानही त्याच्याबरोबर थोडे ओढले जाते, आणि कागद दमट असेल तर बरेच ओढले जाते. ते दुसरे पान अडवायचे कसे, हीच खरी मेख.

स्वस्त यंत्रांत रोलरच्या समोर खरखरीत पट्टी बसवतात. ती खालच्या पानास धरून ठेवते. पट्टी झिजली की जोडपाने निघू लागतात. मोठ्या यंत्रांत याहून चतुर योजना असते. तेथे पट्टीच्या जागी दुसरा रोलर असतो आणि मोटर त्याला उलट दिशेने फिरवू पाहते. मात्र मोटर व तो रोलर यांच्यामध्ये एक घसरता क्लच असतो, जो ठरावीक जोरापलीकडे ताण आला की निसटतो. दोन्ही रोलरांमध्ये एकच पान असले तर वरच्या रोलरचा ओढा क्लचला हरवतो आणि उलटा रोलरही मुकाट्याने सुलट फिरू लागतो. दोन पाने आली तर त्या पानांमधील घर्षण कमी पडते, क्लच जिंकतो, रोलर उलटा फिरतो व खालचे पान मागे ढकलून देतो. यात डोळा नाही, विजेचा मेंदू नाही, तरी एक आणि दोन यांतला फरक चाकाला कळतो! ज्याला हे पहिल्यांदा सुचले त्याला आम्ही खुशाल शोधक म्हणू.

पुढे आणखी गंमत आहे. पान तिरके आले तर ते थांबलेल्या रोलरांच्या जोडीवर आदळवतात. पानाची कड सरळ होते, मागचा भाग किंचित फुगतो, मग ती जोडी फिरू लागते. एकाच मोटरकडून दोन कामे करून घेण्यासाठी झुलता गिअर असतो. मोटर एका दिशेने फिरली की तो झुलून कागद उचलणाऱ्या रोलरला भिडतो, दुसऱ्या दिशेने फिरली की त्याला सोडून कागद पुढे नेणाऱ्या रोलरकडे जातो. एक मोटर वाचली म्हणजे लाखो यंत्रांमागे केवढी बचत झाली! पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा योजनांसाठी स्वतंत्र घर आहे. बी ६५ एच हा वर्ग कागदासारख्या पातळ वस्तू हाताळण्याचा, आणि त्यातील ३/०६ हा कप्पा रोलरने पान सुटे करण्याचा. तेव्हा रोलरवर पेटंट मिळते का, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मिळते, जगभर मिळालेले आहे.

परंतु कशावर मिळते? येथे कायद्याचे दार उघडावे लागते. बहुतेक देशांत पेटंटासाठी, ज्याला शुद्ध मराठीत एकस्व म्हणतात, तीन गोष्टी लागतात. वस्तू नवी हवी, उद्योगात उपयोगी हवी, आणि तिच्यात शोधाची पायरी हवी. पहिल्या दोन्हींवर फारसे भांडण होत नाही. रोलर उपयोगी आहेच. आणि दोन दाते कमी-जास्त केले की कोणत्याही जुन्या कागदपत्रात तंतोतंत तसे आढळत नाही, म्हणून तो 'नवा'ही ठरतो. सगळे युद्ध तिसऱ्या अटीवर. त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिरास जी गोष्ट सहज सुचली असती, ती नवी असली तरी शोध नव्हे. युरोपच्या पेटंट कार्यालयात यासाठी एक चांगली कसोटी वापरतात. कारागीर असे करू शकला असता का, हे ते विचारत नाहीत. समोर अमुक अडचण असताना त्याने असे केलेच असते का, हे विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी 'होय' येते, कारण उत्तर कळल्यावर कोडे सर्वांनाच सोपे वाटते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरील पायाचा निकाल प्रिंटरचा नाही, पितळी भांड्यांचा आहे. म्हणूनच तो आपल्या वाचकांना लवकर कळेल. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर हे भांड्यांचे गाव. तेथे ताटे-वाट्या लेथवर फिरवून घासत व चकाकी देत. भांडे लेथच्या एका टोकाला चिकटवत किंवा जबड्यात धरत, आणि ते कधीकधी सुटून उडे व कामगाराला इजा होण्याचे भय असे. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने दुसऱ्या बाजूने टोकदार दांड्याचा दाब देऊन भांडे पक्के धरण्याची योजना केली आणि १९५१ च्या तारखेचे पेटंट मिळवले. त्याच गावातील विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीने ती योजना वापरली म्हणून दावा झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केले, दोघांच्या खंडपीठाने ते पुन्हा जिवंत केले. अखेर १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठरवले. लेथला दुसऱ्या टोकाचा आधार असतो ही जुनी गोष्ट, तोच आधार भांड्याला लावणे ही कारखान्यातली सुधारणा झाली, शोध नव्हे, असा त्या निकालाचा आशय. न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. पेटंट कार्यालयाने कागद दिला म्हणजे पेटंट खरे आहे अशी हमी मिळत नाही. त्याला न्यायालयात आव्हान देता येते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, कामगाराचा जीव वाचवणारी युक्ती रद्द केली, हा कुठला न्याय? आम्हांसही क्षणभर तसे वाटले. परंतु निकालाने युक्ती रद्द केली नाही, तिच्यावरचे कुंपण काढले. मिर्झापूरच्या प्रत्येक कारखान्यास भांडे दोन्ही बाजूंनी धरण्याची मोकळीक झाली.

इंग्लंडात याहून जुना दाखला आहे. विल्यम्स विरुद्ध नाय हा १८९० चा खटला सॉसेजच्या यंत्राचा होता. मांस बारीक करणारे यंत्र जुने, ते नळीत भरणारे यंत्रही जुने. कोणी दोन्ही एकाच चौकटीत बसवली व पेटंट घेतले. न्यायालय म्हणाले, दोन जुन्या वस्तू शेजारी ठेवल्या, दोघी आपापले जुनेच काम करतात, यात शोध कोठे? भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ (एफ) हेच तत्त्व सांगते. एकमेकींपासून स्वतंत्र चालणाऱ्या जुन्या साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध नव्हे.

आता हीच फूटपट्टी रोलरला लावून पाहू. कोणी अर्ज केला की आमच्या प्रिंटरमध्ये रबरी रोलर आहे, गिअर आहेत, एका दिशेलाच फिरणारा क्लच आहे, आणि वर दिवाही लागतो. हे सॉसेजचे यंत्र झाले. दिवा लागल्याने रोलर अधिक चांगला चालत नाही. दुसऱ्याने अर्ज केला की तीन गिअरांच्या जागी मी चार लावले आणि रोलर डावीकडून उजवीकडे नेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर या नांगराच्या खटल्यात असलीच अदलाबदल नाकारली होती. नांगराच्या फाळाचा दांडा पट्टीच्या वर होता तो खाली आणला, एवढ्याने पेटंट टिकले नाही. तिसरा मात्र म्हणतो की उलट्या रोलरचा क्लच आणि उचलणाऱ्या रोलरचा दाब यांची मी अशी सांगड घातली की दमट कागदातही जोडपाने येत नाहीत, आणि याआधी सर्वजण दाब वाढवण्याच्याच मागे होते. येथे दोन भाग परस्परांवर परिणाम करतात, आणि फळ दोघांच्या बेरजेपेक्षा वेगळे येते. याला आम्ही पेटंट देऊ. निदान त्याचे म्हणणे नीट ऐकून घेऊ.

थोडक्यात, या यंत्रात शोध असतो तो चालनेत. कोणते चाक केव्हा फिरावे, केव्हा थांबावे, केव्हा निसटावे, यात. रबराच्या नळकांड्यात तो क्वचितच असतो. कोणी रबराचेच नवे मिश्रण शोधले तर गोष्ट निराळी, पण मग ते रबराचे पेटंट झाले.

एवढी चिकित्सा आम्ही का केली? कारण शोध यंत्राच्या कोणत्या भागात आहे, यावरच ग्राहकाचा दुरुस्तीचा हक्क पुष्कळसा अवलंबून आहे. पेटंटधारकाखेरीज कोणी ती वस्तू 'बनवू' शकत नाही, परंतु विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्यास मनाई नाही. मग दुरुस्ती कोठे संपते आणि बनवणे कोठे सुरू होते? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१३ साली शुट्झ विरुद्ध वेरिट हा खटला आला. द्रवपदार्थ वाहून नेणारी मोठी प्लास्टिकची टाकी, तिच्याभोवती धातूचा पिंजरा. टाकी खराब झाली की दुसऱ्याच कंपनीची टाकी जुन्या पिंजऱ्यात घालून विकत. पेटंट पिंजरा व टाकी या दोहोंच्या जोडणीवर होते. न्यायालयाने पाहिले की शोधाचा गाभा पिंजऱ्यात आहे, टाकी ही आधी झिजणारी, सुटी निघणारी दुय्यम वस्तू आहे. ती बदलणे म्हणजे नवे 'बनवणे' नव्हे, असा निकाल लॉर्ड न्यूबर्गर यांनी दिला. आमच्या रोलरचे रबर आणि ती टाकी यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या देशाचे शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते, म्हणून तेथील शब्दाला येथे वजन आहे. त्याच प्रिव्ही कौन्सिलने ३० एप्रिल १९९७ रोजी, हाँगकाँग चीनकडे जाण्याच्या दोन महिने आधी, कॅनन विरुद्ध ग्रीन कार्ट्रिज या खटल्यात निर्णय दिला. ग्रीन कार्ट्रिज ही कंपनी कॅननच्या लेझर प्रिंटरांसाठी व झेरॉक्स काढण्याच्या यंत्रांसाठी टोनरची कार्ट्रिजे तयार करून विकत होती. प्रिव्ही कौन्सिलपुढचा मुख्य वाद पेटंटाचा नव्हताच, कार्ट्रिजच्या सुट्या भागांच्या आराखड्यांवरील कॉपीराइटचा होता. यावरून वाचकांनी ध्यानात घ्यावे की पेटंटाचे दार लागले तरी कंपन्यांजवळ दुसरी दारे असतात. १९८६ साली ब्रिटिश लेलँडच्या खटल्यात मोटारीच्या एक्झॉस्ट नळ्या बाहेरच्या कारखानदारांनी बनवण्यास सवलत मिळाली होती. ती सवलत कार्ट्रिजला देण्यास प्रिव्ही कौन्सिलने नकार दिला. लॉर्ड हॉफमन यांचे म्हणणे असे की टोनर संपला म्हणून कार्ट्रिज बदलणे ही मोडक्या वस्तूची दुरुस्ती नव्हे, तो रोजचा वापरखर्च आहे, आणि गिऱ्हाईक यंत्र घेतानाच त्याचा हिशोब करू शकते. कॅनन जिंकली.

हा निकाल आमच्या विरुद्ध जातो का? आमच्या मते नाही. शाई संपणे आणि चाक झिजणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. शाई किती पानांत संपेल हे डब्यावर लिहिलेले असते, रबर केव्हा गुळगुळीत होईल हे यंत्र घेताना कोणी सांगत नाही. रोलर एक्झॉस्टच्या नळीच्या पंक्तीत बसतो, टोनरच्या नव्हे. दुसरे कोणी याच्या उलट मतही मांडू शकेल. पण विक्रेत्याने दोन शब्दांत विषय संपवावा इतका तो सोपा नाही, एवढे तर खरे?

अमेरिकेत तर २०१७ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या खटल्यात सांगून टाकले की पेटंटधारकाने वस्तू एकदा विकली की त्या नगावरचा त्याचा पेटंटहक्क संपतो, विक्री देशात झालेली असो की परदेशात. अर्थात तो त्यांचा कायदा, आपला नव्हे. मात्र वारा कोठून वाहतो ते कळते.

आता आपल्या बेटाकडे वळू. पेटंट हे देशापुरते असते ही साधी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जपानात किंवा अमेरिकेत दिलेले पेटंट पोर्ट लुईत लागू होत नाही. येथे वेगळे घेतलेले असेल तरच लागू. ते अर्जापासून वीस वर्षे चालते, आणि मध्ये फी भरली नाही तर आधीच संपते. आजवर परदेशी कंपन्यांना येथे अर्ज करणे खटाटोपाचे होते. ते चित्र बदलत आहे. २०१९ चा औद्योगिक संपदा कायदा ३१ जानेवारी २०२२ पासून अमलात आला व त्याने २००२ च्या कायद्याची जागा घेतली. मग १५ मार्च २०२३ पासून मॉरिशस पेटंट सहकार्य कराराचा सभासद झाला. या करारामुळे कोठेही केलेल्या एका आंतरराष्ट्रीय अर्जात आपल्या देशाचेही नाव आपोआप येते, आणि ठरावीक मुदतीत येथे फी भरून तो पुढे नेता येतो.

यात लाभ आहे तसा धोकाही आहे. लाभ असा की आपल्या रेद्युई किंवा पोर्ट लुईच्या शिक्षणसंस्थांतील मुलाने काही शोधले तर त्याला जगाचे दार एका अर्जाने ठोठावता येईल. लहान सुधारणांसाठी नव्या कायद्यात 'युटिलिटी मॉडेल' नावाची वेगळी वाटही ठेवली आहे, आणि चार गिअरवाल्यांनी खरे म्हणजे त्या वाटेने जावे. धोका असा की बाहेरून येणाऱ्या अर्जांत रोलर डावीकडून उजवीकडे नेणारेही असणार. आपले कार्यालय लहान आहे. बाहेरच्या देशाने मान्य केले म्हणून आपणही शिक्का मारला, तर मिर्झापूरच्या न्यायाधीशांनी जे कुंपण काढले ते आपण आपल्याच अंगणात उभे करू. बाहेरच्या तपासणीचे अहवाल जरूर घ्यावेत, परंतु शोधाची पायरी येथेच पारखावी. आणि दुरुस्तीसाठी झिजणारे भाग बदलण्याची मुभा न्यायालयावर न सोपवता कायद्यातच स्पष्ट लिहावी, अशी आमची मागणी आहे. समुद्रापलीकडून प्रत्येक सुटा भाग मागवणाऱ्या देशाला ही चैन नाही, गरज आहे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. कोणी पेटंटाचे नाव काढले की नम्रपणे क्रमांक विचारावा. क्रमांक मिळाला तर युरोपीय कार्यालयाच्या 'एस्पासनेट' किंवा जिनिव्हाच्या 'पेटंटस्कोप' या फुकट पाहता येणाऱ्या संग्रहांत तो घालावा. तारीख दिसते, देश दिसतात, आणि शेवटी 'दावे' नावाचा भाग असतो. मालकी फक्त तेथे लिहिलेल्या गोष्टींवर असते, चित्रात काढलेल्या प्रत्येक चाकावर नाही. घरातील कॉलेजात जाणारी नात हे काम दहा मिनिटांत करील.

आम्हीही त्या विक्रेत्यास क्रमांक विचारला. तो म्हणाला, पाहून कळवतो. त्याला आता पाच आठवडे झाले. दरम्यान खजिनदारांनी यंत्र उलटेपालटे करून बुडाखाली, झाकणाआड, सर्वत्र पाहिले. नगाचा क्रमांक सापडला, विजेचा दाब सापडला, एक जुनी टाचणीही सापडली. पेटंटाचा क्रमांक काही सापडला नाही. कारागिराने त्या मापाचे सुटे रबर दुसरीकडून मागवले आहे.